लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला? सोसायटीची सामाईक दिवाळी कोणत्या दिवशी करावी?

जास्वंद_पुणे | २८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, पण वेळ काढून वाचा आणि मनापासून सांगा.

आमची सोसायटी पिंपळे सौदागरला. ९६ फ्लॅट. मी तीन वर्षं सांस्कृतिक समितीत आहे. दिवाळीत एक संध्याकाळ आम्ही सगळे मिळून खाली साजरी करतो. पार्किंगसमोरच्या मोकळ्या जागेत पणत्या, मुलांनी केलेला किल्ला आणि प्रत्येक घरातून फराळाचा एक डबा. ही संध्याकाळ कायम लक्ष्मीपूजनाची असायची, पूजा आटोपली की सगळे खाली. बरीच वर्षं त्यावर कुणाला प्रश्न पडला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष्मीपूजन एकाच दिवशी यायचं.

गेल्या वर्षी ते दोन दिवसांत विभागलं. आपल्या पंचांगांत १ नोव्हेंबर, उत्तरेकडच्या बहुतेकांचं ३१ ऑक्टोबर. ग्रुपवर चार दिवस वाद झाले. शेवटी सूचना मी लिहिली: "लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे, ३१ ला नाही. सर्वांनी नोंद घ्यावी." माझ्या हातून लिहिलेलं हे वाक्य आहे. पॅसेजमधले दिवे, गेटवरचा मोठा आकाशकंदील, सगळं १ तारखेला लावायचं ठरलं, कारण लाइटवाला त्या दिवशी येणार होता.

३१ ला संध्याकाळी मी ऑफिसमधून आले. आमच्या मजल्यावर एक कुटुंब गोरखपूरकडचं आहे. त्यांच्या आजी साधारण ऐंशीच्या, डोक्यावरून पदर घेऊन दाराबाहेर उभ्या होत्या. हातात ताटली, त्यात पाच पणत्या. पॅसेजमधला नेहमीचा दिवाही नेमका गेलेला. मला बघून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बिटिया, बिल्डिंग में कुछ हो गया क्या?" त्यांना वाटलं, इमारतीत कुणाकडे दुःखद घडलंय म्हणून सणाच्या रात्री सगळीकडे अंधार आहे. मी "नाही आजी, काही नाही" म्हटलं आणि घरात गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंदा पुन्हा तेच आलंय. कालनिर्णय, दाते, सगळीकडे लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ऑक्टोबरला. राज्याची सुट्टीही २१ आणि २२. आणि केंद्राच्या यादीत दिवाळी सोमवारी २० ला. आमच्याकडे साधारण निम्मी घरं मराठी, मग उत्तर प्रदेश-बिहार, गुजराती, दोन बंगाली, तीन तमिळ, काही जैन, चार मुस्लिम, दोन ख्रिश्चन, काही बौद्ध. ग्रुपवर मतदान घ्या अशी मागणी आली आहे. मतदानात २१ जिंकेल हे मला आजच दिसतंय. आणि पुन्हा कुणाची तरी आजी ताटली घेऊन अंधारात उभी राहील.

तुमच्याकडे हे कसं ठरवता? पंचांगात नेमकं काय आहे, हेही कुणी सोपं करून सांगितलं तर बरं होईल.

---

घटीपळे | २९ सप्टेंबर

जास्वंदताई, पंचांगाचं मी सांगतो. वडील भिक्षुकी करत, त्यामुळे घरात हे लहानपणापासून कानावर आहे.

पहिली गोष्ट, चंद्राबद्दल कुणाचंही दुमत नाही. यंदा अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी ३:४४ ला सुरू होते आणि २१ ला संध्याकाळी ५:५४ ला संपते. सव्वीस तासांची आहे, म्हणून ती दोन तारखांना स्पर्श करते. आता प्रत्येकाचा सण त्या सव्वीस तासांतली वेगळी वेळ मागतो. लक्ष्मीपूजनाला हवा प्रदोष, म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ. कालीपूजेला मध्यरात्र. महावीर निर्वाणाला पहाट. अमावास्या असलेली मध्यरात्र एकच आहे, २० ची, म्हणून तुमचे बंगाली शेजारी २० लाच पूजा करणार. अमावास्या असलेली पहाट एकच, २१ ची. तमिळ घरांची दिवाळी तर नरक चतुर्दशीच्या पहाटेच्या तेलाच्या आंघोळीची, तीही २० ची.

प्रदोषाचं बघा. पुण्यात २१ ला सूर्य सहाच्या पुढे मावळतो. अमावास्या त्याआधीच संपलेली असेल. म्हणून काशीकडचे विद्वान म्हणतात, अमावास्येची संध्याकाळ फक्त २० ची. त्यांचं चुकीचं म्हणता येत नाही. आपले पंचांगकर्ते म्हणतात, दुसऱ्या दिवशी अमावास्या तीन प्रहरांहून जास्त आहे आणि पुढची प्रतिपदा अमावास्येहूनही लांब आहे, अशा वेळी शास्त्रवचनाप्रमाणे दुसरा दिवस घ्यावा. तेही आधार देऊनच बोलतात. गेल्या वर्षी तर १ नोव्हेंबरला अमावास्या ६:१६ पर्यंत होती, म्हणजे पुण्यात सूर्यास्तानंतरही काही मिनिटं. दोन्ही संध्याकाळी अमावास्या, मग कोणती घ्यायची यावर वचनं वेगवेगळी.

ही आजची भानगड नाही. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीसाठी किती खटपट केली. १९२० ला सांगलीत त्यासाठी परिषद झाली. आजही टिळक पंचांग मानणारी घरं रत्नागिरीकडे आणि पुण्यात आहेत, आणि अधिक मासाच्या वर्षी त्यांचे सण इतरांपेक्षा महिनाभर वेगळे येऊ शकतात. स्वातंत्र्यानंतर सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झालं. तरी सगळ्यांचे सण एका तारखेला आले नाहीत. माझे वडील म्हणत, "ज्याच्या घरात जे पंचांग टांगलंय, त्याच्या देव्हाऱ्याला ते लागू." एकाच भिंतीवर सगळ्यांचं पंचांग कसं टांगणार?

---

सह्याद्री_७८ | २९ सप्टेंबर

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

महाराष्ट्रात राहतो तर महाराष्ट्राची तारीख. राज्याची सुट्टी २१ ला आहे, दाते-कालनिर्णय २१ म्हणतात, मग मतदान तरी कशाला? माझ्या कंपनीचं मुख्यालय बाहेर आहे. त्यांनी सुट्टी २० ला दिली आहे, २१ ला नाही. म्हणजे मी पुण्यात, माझ्या गावात राहून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा वाजता कॉलवर असणार. बायको एकटी लाह्या-बत्तासे मांडणार. माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, "बाबा, टीव्हीवर सगळे २० म्हणतात, आपण चुकीच्या दिवशी का करतो?" तिला काय सांगू?

मला कुणाच्या आजीला दुखवायचं नाही. जास्वंदताईंनी लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. पण आपल्याच गावात आपली तारीख हळूहळू मागे सरते आहे असं वाटलं की आतून तुटतं, एवढंच सांगायचं आहे.

---

घटीपळे | २९ सप्टेंबर

सह्याद्री, मुलीला सांगा की आपण चुकीच्या दिवशी करत नाही. आपल्या पंचांगात आधार आहे आणि त्यांच्याही. आणि कंपनीकडे एक लेखी अर्ज चार-पाच जणांनी मिळून करा, राज्याच्या सुट्ट्यांची यादी जोडून. माझ्या भाच्याच्या ऑफिसात त्यावर ऐच्छिक सुट्टी मिळाली.

---

नेवरी | ३० सप्टेंबर

गोव्यातून. आमच्याकडे दिवाळी म्हटली की नरक चतुर्दशीची पहाट. यंदा १९ ची रात्र जागायची, नरकासुराचे पुतळे फिरवायचे, २० ला उजाडायच्या आत जाळायचे. मग आंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं, आणि फोव, म्हणजे पोहे. दुदातले, रोसातले, ताकातले, बटाट घातलेले. लक्ष्मीपूजन दुकानदारांकडे मोठं, घरात तेवढं नाही. त्यामुळे २० की २१ हा वाद आमच्या वाड्यावर पोचलेलाच नाही.

शेजार मात्र आहे. आमच्या डाव्या हाताला कॅथलिक कुटुंब. आई फोव खायला त्यांना सकाळी बोलवायची, पण ते कामावर जाणारे, सोमवार असेल तर येणार कसे? मग तिने एक पद्धत घातली. आमचं सगळं पहाटे होऊ दे, पण शेजाऱ्यांचा फराळ त्या आठवड्याच्या रविवारी, त्यांचं चर्चमधलं मिस (प्रार्थना) झाल्यावर. तो दिवस पंचांगात शोधला तर सापडणार नाही. पण आम्हा पोरांना दिवाळीतला तोच दिवस जास्त आठवतो. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, दोदोल, बिबिंकाचं ताट येतं, तेही २५ ला येत नाही. त्यांच्या घरचं आटोपलं की एक-दोन दिवसांनी येतं.

---

अत्तर | ३० सप्टेंबर

मी मुंबईतला. आमच्याकडे याच महिन्यात हे झालंय, म्हणून लिहितो.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. एका बाजूने विसर्जनाच्या मिरवणुका, दुसऱ्या बाजूने आमचा जुलूस, रस्ते तेच. आमच्या बुजुर्गांनी बसून ठरवलं की जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ ला काढायचा. २०२४ ला ईद १६ सप्टेंबर, विसर्जन १७. तेव्हा जुलूस १८ ला नेला आणि सरकारने मुंबईतली सुट्टीही १८ ला नेली. यंदा ईद ५ सप्टेंबर, विसर्जन ६. मुंबई शहर आणि उपनगरातली सुट्टी ८ ला गेली.

आता यात काय हललं आणि काय हललं नाही, ते बघा. घरातली फातेहा, दरूद, गोड भात, हे ज्या दिवशी आहे त्याच दिवशी झालं. माझ्या अम्मीने तारीख बदलली नाही. हलला तो रस्त्यावरचा भाग, जो सगळ्यांच्या जागेत होतो. आणि तो हलवायचा निर्णय ज्यांचा सण होता त्यांनी घेतला. "तुम्ही बदला" असं वरून सांगितलं असतं तर मनाला लागलं असतं. आम्ही स्वतः उठून सांगितलं, म्हणून मंडळाच्या पोरांनी आमच्या जुलूसला सरबत दिलं.

जास्वंदताई, मतदान घेऊ नका. मतदानात कुणीतरी हरतं, आणि सणात हरलेला माणूस खाली फराळाला येत नाही. ज्यांची पूजा २० ला आहे त्यांच्या घरी जाऊन विचारा. ज्यांची २१ ला आहे त्यांनाही विचारा. चहा घ्या आणि विचारा.

ईदच्या चंद्राचंही तसंच असतं, म्हणून आम्हाला हे नवीन नाही. एकाच कुटुंबातला भाऊ दुबईत आज ईद करतो, आम्ही इथे उद्या. फोनवर दोनदा ईद मुबारक होतं.

---

अनया_एनजे | १ ऑक्टोबर

न्यू जर्सीहून. इथे तर घड्याळच वेगळं. घटीपळे यांनी दिलेली वेळ इथल्या वेळेत लावून पाहिली. अमावास्या २० ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागते आणि २१ ला सकाळी साडेआठच्या आत संपते. म्हणजे इथे अमावास्येची संध्याकाळ एकच, २० ची. आई पुण्यात २१ ला पूजा करेल, मी इथे २० ला, आणि दोघींचं बरोबर. गेल्या वर्षी माझी पूजा ३१ ऑक्टोबरला आली. तीच हॅलोवीनची रात्र. दारात रांगोळी, आणि चेहरे रंगवलेली मुलं चॉकलेट मागायला येत होती. मी त्यांना चॉकलेटबरोबर शंकरपाळे दिले.

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी १ नोव्हेंबरला होती, यंदा २० ऑक्टोबरला आहे. सुट्टी मिळाली हेच इथे इतकं मोठं वाटतं की तारखेवरून कुणी भांडत नाही.

महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम कायम शनिवारी, कधी दिवाळीच्या दोन आठवडे नंतरसुद्धा. सुरुवातीला मला ते फार उपरं वाटायचं. सण असा उचलून ठेवता येतो का, असं वाटून पहिल्या वर्षी मी रडले होते. आता घरातली पूजा माझी, आणि मंडळाचा शनिवार सगळ्यांचा, असं मनात बसलंय. पण एक सांगते, पूजेच्या संध्याकाळी बाहेर अंधार असतो तो मात्र अजूनही सहन होत नाही. त्यामुळे त्या आजींचं मला फार लागलं. तारीख कोणतीही ठरवा, दिवे दोन्ही दिवस लावा.

---

निळी_पाखरं | ४ ऑक्टोबर

मी नागपूरची, आता चिंचवडला. इथे बोलावं की नाही असा विचार करत होते, पण जास्वंद यांनी "काही बौद्ध" असं लिहिलं, म्हणून लिहिते.

आमच्या घरात लक्ष्मीपूजन होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेल्यांत माझे आजोबा होते. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात नुसत्या फ्रेममध्ये नाहीत, आम्ही त्या पाळतो. सोसायटीत दर वर्षी वर्गणी मागायला येतात, पावतीवर "लक्ष्मीपूजन" छापलेलं असतं. आई पैसे द्यायची, पण खाली यायची नाही. कुणी कधी विचारलं नाही की का येत नाही.

मला मुलांच्या किल्ल्याला माती कालवायला आवडते. फराळ आवडतो, शेजाऱ्यांच्या घरी जायला आवडतं. तुमच्या संध्याकाळचं नाव "दिवाळी फराळ" असेल, आणि तिथे आरतीला उभं राहायची सक्ती नसेल, तर माझ्यासारखे दहा जण डबा घेऊन येतील. तारखेइतकाच नावाचाही प्रश्न आहे, एवढं लक्षात घ्या.

तारखेचं म्हणाल तर आमच्यातही दोन आहेत. १९५६ ला दसरा १४ ऑक्टोबरलाच आला होता. पुढे दोन्ही वेगळे झाले. दीक्षाभूमीवरची मोठी गर्दी अशोक विजयादशमीला, म्हणजे यंदा परवा २ ऑक्टोबरला. आणि बरेच जण १४ तारीख धरतात. चंद्रपूरचा सोहळा १५-१६ ऑक्टोबरला तारखेनेच होतो, कारण बाबासाहेब तिथे १६ ला गेले होते. आमच्याकडे आजोबा विजयादशमी मानायचे आणि बाबा १४ तारीख. आई दोन्ही दिवशी खीर करायची. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या खिरीला नाही म्हटलं नाही.

---

जास्वंद_पुणे | ४ ऑक्टोबर

निळी_पाखरं, पावतीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्या पावतीवरही तेच छापलेलं आहे. उद्याच बदलायला देते. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

कृष्णाकाठ | ५ ऑक्टोबर

आम्ही सांगलीकडचे जैन, घरात मराठीच बोलतो. आमच्यासाठी दिवाळी म्हणजे भगवान महावीरांचं निर्वाण, पावापुरीला झालेलं. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा. दुसऱ्या दिवसापासून नवं वीर निर्वाण संवत, यंदा २५५२. घटीपळे यांनी पहाटेचं बरोबर सांगितलं.

माझी विनंती तारखेची नाही, वेळेची आहे. बहुतेक सोसायट्यांत फराळ रात्री आठला असतो. आम्ही सूर्यास्तानंतर खात नाही. आई-बाबा दर वर्षी खाली जातात, हातात रिकामी डिश धरून सगळ्यांशी बोलतात आणि परत येतात. लोक आग्रह करतात, त्यांना सारखं नको नको म्हणावं लागतं. एक वर्ष जर फराळ साडेचारला झाला तर तेही बसून चकली खातील. आणि चिवड्यात कांदा-लसूण नको, एवढं एका डब्यावर लिहून ठेवा.

---

पाटीपेन्सिल | ५ ऑक्टोबर

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट राहिली आहे. वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी. आमच्याकडचे तिन्ही वॉचमन बिहारचे. छठ यंदा २५ ऑक्टोबरला सुरू होतेय, संध्याकाळचं अर्घ्य २७ ला. ते लक्ष्मीपूजनानंतर लगेच गाडीत बसतात, काही तर आधीच. आणि मावशींना दिवाळीच्या चार दिवसांत स्वतःच्या घरचं असतं. म्हणजे वर्षभर जे जिना झाडतात आणि गेट उघडतात, ते आपल्या सामाईक दिवाळीत कधीच नसतात. त्यांना पाकीट देतो, पण एक खुर्ची द्यायला हवी. दिवस ठरवताना त्यांनाही विचारा.

---

सह्याद्री_७८ | ६ ऑक्टोबर

आज कोजागरी, दूध आटवता आटवता सगळा धागा पुन्हा वाचला. माझं घरचं लक्ष्मीपूजन २१ लाच होणार, त्यात बदल नाही. मुलीला घटीपळे यांचं सव्वीस तासांचं गणित वहीवर काढून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे चंद्र एकच आणि संध्याकाळी दोन?" तिला कळलं.

सामाईक कार्यक्रम २१ ला नसला तरी मला चालेल. मात्र २० लाही नको. एकाचा दिवस सगळ्यांचा म्हणून ठरला की दुसरा पाहुणा होतो, आणि आपल्या घरात पाहुणा व्हायला कुणालाच आवडत नाही. आणि सूचनेत "लक्ष्मीपूजन २० आणि २१" असं दोन्ही लिहा. मराठी तारीख लिहिलेली दिसली पाहिजे.

कंपनीला अर्ज केला आहे. सहा जणांच्या सह्या.

---

जास्वंद_पुणे | ८ ऑक्टोबर

मंडळी, मतदान घेतलं नाही. अत्तर यांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि समितीतले आणखी दोघं तीन संध्याकाळी घरोघर गेलो. सगळी ९६ घरं नाही झाली, पण चाळीसच्या वर झाली. इतका चहा आयुष्यात प्यायले नव्हते.

ठरलं ते असं. सामाईक फराळ रविवारी १९ ऑक्टोबरला. धनत्रयोदशी शनिवारी १८ ला, नरक चतुर्दशी सोमवारी २० ला, मधला रविवार मोकळा. त्या दिवशी कुणाचीच पूजा नाही, सगळ्यांना सुट्टी, वॉचमन अजून इथेच. वेळ साडेचार ते सहा, म्हणजे सूर्यास्ताच्या आत खाणं संपेल, आणि अंधार पडला की पणत्या. कार्यक्रमाचं नाव "दिवाळी फराळ". आरती नाही. ज्यांना करायची आहे ते आपापल्या घरी किंवा क्लबहाऊसमध्ये पूजेच्या दिवशी करतील.

दिवे १७ ला, वसुबारसेच्या संध्याकाळपासून २३ च्या भाऊबीजेपर्यंत रोज. लाइटवाल्याने सात दिवसांचे पैसे जास्त सांगितले. खजिनदार काकांनी हिशेब काढला आणि फटाक्यांचा सामाईक खर्च यंदा बंद केला. तेवढ्यात बसलं.

दोन घरं नाराज आहेत. एक म्हणतात लक्ष्मीपूजनालाच हवं, नाहीतर त्याला दिवाळी कशी म्हणायची. दुसऱ्यांचं म्हणणं, रविवारी गावाला जातोय. पहिल्यांना मी समजावू शकले नाही. त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही मला वाटत नाही, पूजेनंतर ओल्या हळदी-कुंकवासकट खाली येण्यात जे होतं ते रविवारी दुपारी येणार नाही. ते त्यांनी बोलून दाखवलं, मी ऐकून घेतलं.

---

नेवरी | ८ ऑक्टोबर

१९ ला रात्री आमचे नरकासुर. तुमचा फराळ संपेल तेव्हा आमच्याकडे कागद चिकटवणं चालू असेल. शुभेच्छा!

---

कृष्णाकाठ | ९ ऑक्टोबर

साडेचार. आईला वाचून दाखवलं. आमची सोसायटी वेगळी, तरी तिला इतका आनंद झाला की आमच्या सेक्रेटरींना फोन लावायला सांगितला.

---

जास्वंद_पुणे | २५ ऑक्टोबर

कसं झालं ते लिहायचं राहून गेलं होतं, काल पाहुणे गेले.

रविवारी दुपारी चारलाच मुलं खाली. किल्ला यंदा राजगड केला होता, बालेकिल्ल्याला आमच्या ए विंगच्या तमिळ काकांनी त्यांच्या कारखान्यातून थर्माकोल आणून दिला. डब्यांवर चिठ्ठ्या: "कांदा-लसूण नाही", "अंडं नाही", "तुपातलं". बावन्न डबे आले, मी मोजले. गेल्या वर्षी तीस-बत्तीस होते. मुस्लिम घरांपैकी एकींनी शीरखुर्मा आणला होता. ईद नसताना का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मला हाच छान येतो." वॉचमन आळीपाळीने बसले, गेटवर तोपर्यंत आमचे खजिनदार काका. जैन आजोबा खुर्चीवर बसून तीन चकल्या शांतपणे खात होते आणि त्यांच्या सूनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पहिली पणती सफाईवाल्या मावशींनी लावली. त्यांना आधी सांगितलं नव्हतं, त्या दोनदा "मी?" म्हणाल्या.

सगळं जमलं असं नाही. नाराज घरांपैकी एक खाली आलं नाही. बंगाली कुटुंब येऊन लवकर गेलं, कारण दुसऱ्या रात्रीच्या पूजेची तयारी. पाच वाजून गेले तरी अर्धी मंडळी पोचली नव्हती, आणि मग सहाच्या आत खाणं उरकायची घाई झाली. पुढच्या वर्षी चार वाजता. पुढच्या वर्षी तसाही ताण कमी आहे, ८ नोव्हेंबर २०२६ ला रविवार आहे आणि अमावास्येची संध्याकाळ एकच. तरी फराळ आदल्या दिवशीच ठेवावा असं बऱ्याच जणांनी आत्ताच सांगून ठेवलंय.

सोमवारी २० ला मी मुद्दाम लवकर घरी आले. पॅसेजमध्ये दिवे लागलेले होते. आजींच्या दारात चौरंग, आतून घंटेचा आवाज येत होता. मी सूनबाईंना विचारून बाहेर थांबले. पूजा झाल्यावर आजी ताटली घेऊन बाहेर आल्या. पाच पणत्या होत्या. चार त्यांच्या दाराशी ठेवल्या. पाचवी घेऊन त्या हळूहळू माझ्या दाराकडे आल्या, खाली वाकता येईना, म्हणून माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याकडे बोट दाखवलं. मी ठेवली.

मंगळवारी २१ ला माझं लक्ष्मीपूजन झालं. केरसुणीला हळद-कुंकू वाहिलं, लाह्या-बत्तासे मांडले. मग धने-गुळाचा प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेले. आजी झोपल्या होत्या. त्यांच्या सुनेने वाटी घेतली आणि म्हणाली, "उद्या सकाळी देते. आज दोन वेळा विचारत होत्या, त्या मुलीकडची पूजा झाली का म्हणून."